गव्हाणीपुढची ज्ञानसाधना

मार्गशीर्ष-पौषातील थंडी अंगात मुरू लागली, की ख्रिस्ती घरांच्या दारांवर कागदाच्या रंगीत चांदण्या उजळू लागतात. वसईच्या वाड्यांतून, अहमदनगरच्या जुन्या वस्त्यांतून, मुंबईच्या चाळींच्या सज्जांतून या चांदण्या डिसेंबरच्या रात्री तेवत असतात. अंगणात किंवा प्रार्थनामंदिराच्या पायरीशी बांबू आणि पेंढा यांचा एक लहानसा गोठा उभा राहतो. त्यात बैल, गाढव, मेंढपाळ, मरिया माता आणि योसेफ असतात, आणि मध्यभागी गव्हाणीतल्या पेंढ्यावर एक तान्हे बाळ निजलेले असते. शेजारची हिंदू मुलेही हा देखावा पाहावयास धावतात. त्यांना कोणी काही समजावून द्यावे लागत नाही. ज्या घरात गोकुळाष्टमीला पाळणा हलतो, त्या घरातल्या मुलाला गोठ्यातले बाळ परके वाटण्याचे कारणच नाही.

परंतु या साध्या देखाव्यामागे एक आश्चर्य दडलेले आहे. या एका बाळाविषयी गेल्या वीस शतकांत ख्रिस्ती जगाने जेवढे ग्रंथ लिहिले, जेवढे वाद घातले आणि जेवढी विद्यापीठे उभारली, त्यांची मोजदाद करणेही कठीण. पाश्चात्त्य भाषांत या विद्येला ‘थिऑलॉजी’ म्हणतात. ‘थिऑस’ म्हणजे देव आणि ‘लोगोस’ म्हणजे शब्द किंवा विचार, या दोन ग्रीक शब्दांपासून ते नाव झाले. आपण तिला ईश्वरविद्या म्हणू. मनात प्रश्न येतो तो असा: जे रूप लहान मुलालाही एका दृष्टिक्षेपात भावते, त्याच्यासाठी हिब्रू आणि ग्रीक व्याकरणाची घोकंपट्टी कशाला? जिथे हात आपोआप जोडले जातात, तिथे बुद्धीला शिणवण्याचे प्रयोजन काय?

हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. पंढरीच्या वाटेने नाम घेत चाललेल्या भोळ्या वारकऱ्याला वेदान्ताची गरज काय, असे आपणही विचारीत आलो आहोत. म्हणूनच नाताळच्या या मंगल दिवशी, एका शेजारधर्माने याच प्रश्नाचा कसा विचार केला, हे जाणून घेणे हिंदू वाचकासही उद्बोधक ठरावे.

ग्रेच्चोची रात्र आणि एक अट

नाताळचा गोठा मांडण्याची प्रथा लोकप्रिय करण्याचे श्रेय परंपरेने असिसीच्या संत फ्रान्सिसला दिले जाते. १२२३ सालच्या नाताळच्या रात्री इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी त्याने एक गव्हाण मांडली, तीत वाळले गवत भरले, जवळ एक बैल आणि एक गाढव आणून बांधले, आणि त्या गव्हाणीपुढे उपासना घडवून आणली. गावकरी मशाली घेऊन जमले. देव किती दीन होऊन आला, हे त्यांना डोळ्यांनी दिसावे, एवढीच फ्रान्सिसची इच्छा होती.

हा फ्रान्सिस म्हणजे वैराग्याची मूर्ती. श्रीमंत कापडव्यापाऱ्याच्या या मुलाने सर्वस्वाचा त्याग केला होता. आपल्या अनुयायांनी ग्रंथांचा संग्रह करावा, विद्वान म्हणून मिरवावे, हे त्याला मुळीच रुचत नसे. ग्रंथ आला की अभिमान येतो, अभिमान आला की दारिद्र्याचे व्रत सुटते, अशी त्याची धास्ती होती. ईश्वरविद्येचा विरोधक शोधावयाचा झाला, तर पहिले बोट त्याच्याकडे वळावे.

आणि तरीही याच फ्रान्सिसने, ग्रेच्चोच्या त्या रात्रीच्या आगेमागेच, आपला विद्वान शिष्य पदुआचा संत अँथनी याला एक छोटेसे पत्र लिहिले. बंधूंना तू ईश्वरविद्या शिकवतोस हे मला आवडते, असा त्याचा आशय. मात्र त्याला एक अट जोडलेली होती. या अभ्यासामुळे प्रार्थनेची आणि भक्तीची वृत्ती विझता कामा नये.

ज्याने गव्हाणीत गवत भरले, त्यानेच अभ्यासाला अनुमती दिली, आणि अनुमतीबरोबर कसोटीही दिली. ख्रिस्ती जीवनात ईश्वरविद्येचे स्थान कोणते, याचे उत्तर या एका अटीत बीजरूपाने सापडते. अभ्यास भक्तीची जागा घेण्यासाठी नाही. तो भक्तीच्याच पोटी जन्मतो आणि तिच्याच सेवेत राहतो.

प्रेमाची जिज्ञासा

भक्तीच्या पोटी अभ्यास कसा जन्मतो, हे फ्रान्सिसच्या आधी दीडशे वर्षे होऊन गेलेल्या संत अँसेल्मने फार मार्मिकपणे दाखविले आहे. पुढे इंग्लंडात कँटरबरीचा आर्चबिशप झालेला हा साधू त्या वेळी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातील बेक येथील मठात राहत असे. १०७७-७८ च्या सुमारास त्याने ‘प्रोस्लोगिऑन’ नावाचा एक लहान ग्रंथ लिहिला. त्याला प्रथम दिलेले नाव होते ‘समजून घेऊ पाहणारी श्रद्धा’. ईश्वरविद्येची याहून नेमकी व्याख्या पुढील नऊ शतकांत क्वचितच कोणी केली असेल.

या नावातील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी समजून घेऊ, पटले तर श्रद्धा ठेवू, असे अँसेल्म म्हणत नाही. श्रद्धा आधीच आहे. प्रेम जडलेलेच आहे. आणि ज्याच्यावर प्रेम जडले, त्याच्याविषयी अधिकाधिक जाणून घ्यावेसे वाटणे हा प्रेमाचा स्वभावधर्म आहे. परगावी गेलेल्या मुलाचे पत्र आई एकदा वाचून बाजूला ठेवीत नाही. ती ते पुन्हा पुन्हा वाचते, एखाद्या अक्षराचा अर्थ लागला नाही तर शेजाऱ्याला विचारते, दोन ओळींमध्ये न लिहिलेलेही शोधते. तिच्या प्रेमात काही कमी आहे म्हणून ती हे करीत नाही. प्रेम अपार आहे म्हणून करते. अँसेल्मचा तो ग्रंथही प्रारंभापासून प्रार्थनेच्याच स्वरूपात लिहिलेला आहे. त्यातील सूक्ष्म तर्कावर तत्त्वज्ञ आजही वाद घालतात. पण तो तर्क देवाला संबोधून, हात जोडून केलेला आहे, याचा पुष्कळदा विसर पडतो.

आपल्याकडे श्रवणानंतर मनन आणि मननानंतर निदिध्यासन सांगितले आहे. ऐकलेले मनात घोळविल्याखेरीज ते आपले होत नाही, हा अनुभव सर्व धर्मांतील साधकांचा आहे.

या मननाला ख्रिस्ती जीवनात शिस्तबद्ध अभ्यासक्रमाचे रूप आले आहे. १८९३ साली श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन झालेली आणि १९५५ साली पुण्यात आलेली ‘पेपल सेमिनरी’ हे त्याचे आपल्या परिसरातील उदाहरण. तेथे धर्मगुरू होऊ इच्छिणारे तरुण आधी तत्त्वज्ञान आणि मग ईश्वरविद्या अशी अनेक वर्षे अध्ययनात घालवितात. पवित्र शास्त्राचा अर्थ, चर्चचा इतिहास, श्रद्धेची मूलतत्त्वे, नीतिविचार, उपासना आणि लोकसेवा असे त्या अध्ययनाचे विभाग असतात. मात्र ही विद्या धर्मगुरूंपुरतीच राखून ठेवलेली नाही. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिक स्त्रीपुरुषांनीही तिचे शिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा व्यक्त केली.

हे बाळ कोण?

तथापि केवळ प्रेमाची हौस म्हणून एवढा खटाटोप झाला असता, असे वाटत नाही. त्यामागे एक निकडही होती. आपण ज्याच्यापुढे मस्तक नमवितो तो नेमका कोण, हे ठाऊक नसेल, तर माणूस भलत्याच कोणापुढे मस्तक नमविण्याचा धोका असतो. ही निकड प्रथम तीव्रतेने जाणवली ती चौथ्या शतकात, आणि प्रश्न होता गव्हाणीतील बाळाचाच.

ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत एरियस नावाचा एक धर्मगुरू होता. ईश्वर एकमेव, अनादी आणि अगम्य आहे; तेव्हा जो जन्माला आला, ज्याला भूक लागली, जो रडला, तो साक्षात ईश्वर कसा असेल, असा त्याचा प्रश्न. येशू हा सर्व सृष्टीत श्रेष्ठ खरा, पण तोही निर्मिलेलाच, असे त्याचे प्रतिपादन होते. एरियसचा हेतू वाईट नव्हता. ईश्वराचे मोठेपण राखावे, हीच त्याची कळकळ होती.

त्याला उत्तर देणाऱ्यांत पुढे अग्रणी ठरला तो अथनेशियस. देव स्वतः न येता त्याने कोणा श्रेष्ठ सेवकाला धाडले असेल, तर देव आणि मनुष्य यांच्यातील अंतर होते तेवढेच राहिले, असे त्याच्या पक्षाचे म्हणणे. दरिद्री आईच्या कुशीत, जनावरांच्या गोठ्यात, राजसत्तेच्या भीतीच्या छायेत कोणी तरी आले. पण देव मात्र दूर आपल्या सिंहासनावरच बसून राहिला! मग दुःखिताला सांत्वन कोणते? म्हणून त्यांनी ठामपणे सांगितले की गव्हाणीतले बाळ आणि अनादी ईश्वर यांचे तत्त्व एकच आहे.

सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२५ साली नायसिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी, धर्माध्यक्षांची परिषद भरविली. तिने अथनेशियसच्या पक्षाचा निर्णय मान्य केला आणि श्रद्धेचा एक संक्षिप्त मतांगीकार सिद्ध केला. २०२५ साली त्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली. पुढे वारे फिरले, राजदरबारची मर्जी बदलली, आणि बिशप झालेल्या अथनेशियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. तरी तो ढळला नाही. पुढे ४५१ साली कॅल्सिडनच्या परिषदेने याच विचाराची दुसरी बाजू स्पष्ट केली: येशू पूर्ण देव आहे, तसाच पूर्ण मनुष्यही आहे, त्याची भूक, त्याचे अश्रू आणि त्याचे मरण ही लीला नव्हे.

अवताराची कल्पना ज्यांच्या रक्तात आहे, त्या आपल्या वाचकांना हा वाद जवळचा वाटेल आणि त्यातील भेदही लक्षात येईल. ख्रिस्ती मतानुसार हे देहधारण एकदाच आणि कायमचे घडले. ते मानावे की न मानावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. परंतु शब्दांचा कीस काढणारे ते धर्मपंडित कोणत्या ध्येयाने झगडत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वादातील शुष्कपणा नाहीसा होतो. देव आपल्या दुःखात खरोखर उतरतो की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

विद्या आणि तिचा विपर्यास

येथे एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. फ्रान्सिसची अट जेव्हा जेव्हा विसरली गेली, तेव्हा तेव्हा हीच विद्या शस्त्र बनली. मतभेदांपायी माणसे बहिष्कृत झाली, जाळली गेली. १६१८ ते १६४८ पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धात धर्मपंथांच्या वैराने मध्य युरोप उद्ध्वस्त झाला. आपल्या गोमंतकाने तर १५६० पासून इन्क्विझिशनचा जाच सोसला. मधला अल्पसा खंड सोडला तर ते न्यायासन १८१२ पर्यंत टिकून होते. त्या न्यायासनावर बसणारे अज्ञानी नव्हते. ते शिकलेले होते. सिद्धान्त त्यांना मुखोद्गत होते, पण त्या सिद्धान्तांचा प्राण असलेले प्रेम आटले होते.

विसाव्या शतकातही हेच दिसले. जर्मनी हे ईश्वरविद्येचे माहेरघर मानले जाई. पण १९३३ साली हिटलर सत्तेवर येताच तेथील कित्येक विद्वान त्याच्या जयजयकारात सामील झाले. नव्या करारातील ग्रीक शब्दांच्या प्रचंड कोशाचा संपादक गेरहार्ड किटेल त्याच वर्षी नात्सी पक्षाचा सभासद झाला. ज्याने येशूच्या शब्दांचा एकेक अर्थ शोधला, त्यालाच येशू हा ज्यू मातेच्या पोटी जन्मला होता याचे स्मरण राहिले नाही! म्हणजे केवळ अभ्यास माणसाला तारीत नाही. मग कोणता अभ्यास तारतो? याचे उत्तर त्याच देशातील, त्याच काळातील दुसऱ्या एका अभ्यासकाच्या चरित्रात मिळते.

प्रबंधापासून प्रार्थनेपर्यंत

डीट्रिख बॉनहॉफर याचा जन्म १९०६ साली ब्रेस्लाऊ येथे झाला. वडील नामांकित मनोरोगतज्ज्ञ. घर विद्येचे, पण धर्माचे वेड असलेले नव्हे. या मुलाने लहान वयातच ईश्वरविद्येचा अभ्यास करण्याचे ठरविले, तेव्हा घरच्यांना नवल वाटले. १९२७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, बर्लिन विद्यापीठात त्याने आपला डॉक्टरेटचा प्रबंध पुरा केला. विषय होता श्रद्धावंतांच्या समाजाचे स्वरूप. प्रबंध इतका गहन, की जाणकारांनाही तो सावकाश वाचावा लागतो.

१९३०-३१ साली तो न्यूयॉर्कला गेला. तेथे हार्लेममधील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये तो नियमाने जाऊ लागला आणि मुलांना रविवारी शिकवू लागला. अपमानित माणसांच्या कंठातून निघणारी भक्तिगीते त्याने तेथे ऐकली आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका तो मायदेशी घेऊन आला. पुस्तकांतला ख्रिस्त त्याला येथे माणसांत भेटला.

हिटलरच्या राज्यात चर्चमधून ज्यू वंशाच्या लोकांना दूर करण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हा प्रश्न निव्वळ राजकारणाचा नसून श्रद्धेच्या गाभ्याचा आहे, हे बॉनहॉफरने १९३३ सालीच ओळखले. वंश किंवा राष्ट्र वा नेता यांना देवाच्या शेजारी बसविले, की ती मूर्तिमंत असत्याची पूजा होते, हे त्याला कळले, कारण खऱ्या ईश्वराचे लक्षण काय याचे मनन त्याने वर्षानुवर्षे केले होते. खरे नाणे हाताळून हाताळून ज्याची बोटे तयार झाली आहेत, त्यालाच खोटे नाणे वाजविताच कळते. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे जमलेल्या धर्मसेवकांनी, प्रामुख्याने कार्ल बार्थ याने लिहिलेल्या घोषणापत्राद्वारे, चर्चचा स्वामी एकटा ख्रिस्त, दुसरा कोणी नाही, असे जाहीर केले. बॉनहॉफर त्या वेळी लंडनमध्ये धर्मसेवा करीत होता. पण त्या बाजूचा तो कट्टर कैवारी होता.

याच सुमारास त्याच्या मनात भारताचा ध्यास होता. अन्यायाचा अहिंसेने प्रतिकार कसा करावा, हे गांधीजींच्या सान्निध्यात राहून शिकावे, अशी त्याची इच्छा होती. आणि १९३४ साली गांधीजींनी त्याला तसे निमंत्रणही दिले. पण तो योग आला नाही. १९३५ साली त्याला स्वदेशी परतून फिंकेनवाल्डे येथे तरुण धर्मसेवक घडविणारे एक विद्यालय चालविण्याची हाक आली. तेथील दिनक्रम एखाद्या आश्रमासारखा होता. सकाळ-संध्याकाळ सामुदायिक प्रार्थना, शास्त्रातील एका लहानशा उताऱ्यावर रोज अर्धा तास मौनात मनन, मग अध्ययन, मग खेळ आणि गाणे. ईश्वरविद्या वर्गात शिकावयाची नसून जगावयाची असते, हे तेथे प्रत्यक्षात आणले जात होते. १९३७ साली गुप्त पोलिसांनी ते विद्यालय बंद केले. त्याच वर्षी त्याचा शिष्यत्वावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आज्ञापालनाखेरीज, त्यागाखेरीज मिळविलेल्या क्षमेला त्याने स्वस्तातली कृपा म्हटले आणि तिचा कठोर निषेध केला.

१९३९ च्या जूनमध्ये मित्रांनी त्याला सुरक्षिततेसाठी पुन्हा अमेरिकेस नेले. तेथे राहिला असता तर एखाद्या विद्यापीठात सन्मानाने शिकवीत दीर्घायुषी झाला असता. पण थोड्याच आठवड्यांत तो परत निघाला. आपल्या लोकांची संकटे वाटून घेतली नाहीत, तर त्यांच्या पुनरुत्थानात भाग घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्याला वाटले. पुढे हिटलरविरोधी कटाशी त्याचा संबंध जडला. ५ एप्रिल १९४३ रोजी त्याला अटक झाली आणि बर्लिनमधील टेगेलच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

त्या वर्षीचा नाताळ त्याने कोठडीत काढला. बाहेर विमानांचे हल्ले, आत मृत्यूची वाट पाहणारे कैदी. त्यांच्यासाठी त्याने त्या नाताळात काही प्रार्थना लिहिल्या. एक सकाळची, एक संध्याकाळची, एक विशेष संकटकाळची. एकविसाव्या वर्षी गहन प्रबंध लिहिणाऱ्या पंडिताची ही रचना अगदी साधी आहे. थोडेसे लिहितावाचता येणाऱ्यालाही ती म्हणता यावी. तीत एक भाव असा आहे, की प्रभू, तूही माझ्यासारखाच दीन, बंदिवान आणि टाकलेला होतास. म्हणून माझे दुःख तुला ठाऊक आहे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. नायसियाला सोळा शतकांपूर्वी जो प्रश्न पंडितांनी चर्चिला, त्याचेच उत्तर या ओळींत आहे. गव्हाणीतला तो साक्षात देव नसेल, तर देवाला कोठडी ठाऊक नाही. तो देव असेल, तर कोठडीही देवाविना नाही. ज्याला आपण शुष्क सिद्धान्त समजत होतो, तो टेगेलच्या अंधारात कैद्याच्या उशाशी दिवा होऊन बसला. ईश्वरविद्येचे प्रयोजन याहून वेगळे काय असू शकेल?

९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत बॉनहॉफरला फाशी देण्यात आले. वय अवघे एकोणचाळीस. दोनच आठवड्यांनी अमेरिकी सैन्याने ती छावणी मुक्त केली.

मराठी ओवीत, मराठी गद्यात

विद्या साध्या माणसाच्या ओठांवर उतरली पाहिजे, ही जाणीव आपल्या मराठी भाषेलाही लाभली आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने मराठीचा कसून अभ्यास केला आणि संतांनी घडविलेल्या ओवीतच येशूचे चरित्र गायिले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापून निघाले. ज्या भूमीत त्याच वेळी धर्मसत्तेचे न्यायासन माणसांना भयभीत करीत होते, त्याच भूमीत एक परदेशी विद्वान मराठीची गोडी गात होता. भयाने वाकलेली मान पुन्हा ताठ होते, ओवी मात्र ओठांवर राहते.

पंडिता रमाबाईंची साधना तर याहूनही आपली. संस्कृतच्या या विदुषीने १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या घटनेने त्या काळी महाराष्ट्राला मोठा धक्का बसला, आणि तिच्याविषयी मतभेद आजही असू शकतील. पण एक गोष्ट त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावी अशी आहे. धर्म बदलला म्हणून रमाबाईंनी बुद्धी गहाण टाकली नाही. वाँटेजच्या भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्यासारख्या सिद्धान्तांविषयी निर्भीडपणे शंका विचारल्या. कोणा अधिकाऱ्याने सांगितले म्हणून मानावयाचे, हे त्यांना मंजूर नव्हते. मूळ ग्रंथ काय म्हणतो, हे त्यांना स्वतः पाहावयाचे होते.

आणि त्यांनी ते पाहिले. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात अनाथ, विधवा आणि दुष्काळपीडित मुलींचा प्रचंड संसार सांभाळीत असताना त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा आत्मसात केल्या आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. कोणत्या वाचकांसाठी? विद्यापीठांतील पंडितांसाठी नव्हे. नुकत्याच अक्षरे गिरवू लागलेल्या खेड्यातील स्त्रियांसाठी. सदनातील स्त्रियाच छापखान्याचे काम करीत. १९२२ साली रमाबाई निवर्तल्या आणि त्यांचे समग्र भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. दोन प्राचीन भाषांचे व्याकरण, आणि त्याचे फळ म्हणजे एका निराधार बाईच्या हातातले पुस्तक! फ्रान्सिसची अट येथेही पाळली गेली होती.

पेंढा

शेवटी पुन्हा एकदा तेराव्या शतकाकडे वळू. ग्रेच्चोच्या त्या रात्रीनंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १२७३ च्या नाताळाआधीच्या दिवसांत, नेपल्स येथे एक घटना घडली. ख्रिस्ती जगाने ज्याला ईश्वरविद्येचा मेरुमणी मानले, तो संत थॉमस अक्वायनस तेव्हा आपला ‘सुम्मा थिओलॉजिए’ हा महाग्रंथ लिहीत होता. ६ डिसेंबरच्या सकाळी उपासना चालू असता त्याला काही विलक्षण अनुभव आला. त्या दिवसापासून त्याने लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच. सोबत्याने लेखन पुढे चालविण्याचा आग्रह केला, तेव्हा त्याने उत्तर दिले, की जे पाहिले त्यापुढे आजवर लिहिलेले सारे मला पेंढ्यासारखे वाटते. पुढच्या मार्चमध्ये तो निवर्तला. ग्रंथ अपुराच राहिला.

या प्रसंगावरून अभ्यास व्यर्थ आहे, असे कित्येकजण अनुमान काढतात. ते घाईचे होईल. ज्याने आयुष्यभर ईश्वराचे मनन केले, त्यालाच त्या अनुभवाची थोरवी एवढ्या नेमकेपणाने ओळखता आली. डोंगर चढून गेलेल्यालाच आकाश अजून किती उंच आहे हे कळते. पायथ्याशी बसलेल्याला शिखरच आकाशाला टेकल्यासारखे दिसते. अक्वायनसचे मौन हे विद्येच्या अभावाचे मौन नव्हते. ते विद्येच्या परिपूर्तीचे मौन होते. आणि ज्या विद्येला आपली मर्यादा कळली, ती कोणाला जाळण्यास किंवा छळण्यास धजत नाही.

पेंढा हलका असतो. त्याला मोल नसते. पण नाताळच्या गोठ्याकडे पुन्हा पाहा. त्या थंड रात्री, राजवाड्यांची दारे बंद असताना, जगाच्या स्वामीला निजावयास जागा मिळाली ती गव्हाणीतच, पेंढ्याच्या उबेत. विद्वानांचे ग्रंथ पेंढ्यासारखे असतील तर असोत. त्यांवर कोणी बाळ सुखाने विसावत असेल, कोठडीतल्या कैद्याला ऊब मिळत असेल, केडगावच्या अनाथ मुलीच्या ओठांवर शब्द येत असेल, तर त्या पेंढ्याचे सार्थक झाले.

आज रात्री शेजारच्या अंगणात चांदणी लागेल. मुलांचा हात धरून गोठा पाहावयास जाल, तेव्हा गव्हाणीतल्या बाळाबरोबर त्याच्या अंगाखालच्या पेंढ्याकडेही क्षणभर लक्ष जाऊ द्यावे. आपल्या घरातील पोथीवर, नित्यपाठावर, कीर्तनकाराच्या निरूपणावरही तीच कसोटी लागू आहे: वाचून उठल्यावर हात जोडले जातात का, आणि जोडलेले हात कोणाच्या तरी मदतीला धावतात का? ज्या अभ्यासाने हे घडते, तो कोणत्याही धर्मातला असो, देवाच्या अंथरुणाचा तो पेंढा आहे.